गुडघ्याच्या उंचीवरची खूण

माझा मामा पाथरवट. म्हणजे होता. आता चाकाच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवणं एवढंच काम त्याच्याकडे उरलंय, आणि ते तो मन लावून करतो. "हा सांधा बघ. यातून म्हैस जाईल," असं रस्त्यानं जाताना तो मोठ्यांदा म्हणतो. घरमालक खिडकीत असला तर आणखी मोठ्यांदा.

आमच्या गावातलं जुनं चर्च बघायला लांबलांबून लोक येतात. तरुणपणी मामानं त्याच्या दुरुस्तीत सहा वर्षं काढली. साठ फुटांवर, परांचीवर उभं राहून. तिथे त्याला खरचटलंसुद्धा नाही. पडला तो शेजाऱ्याच्या न्हाणीघराच्या पत्र्यावरून. "चर्चवरून पडलो असतो तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं," म्हणतो.

गेल्या वर्षी मामी गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. त्यानंतर तीन महिने मामानं एकाही भिंतीला नावं ठेवली नाहीत. मग एका सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "मला चर्चमध्ये ने."

"आता काय देवाधर्माला लागलास?"

"ढकल मुकाट्यानं."

वाटेत त्यानं सांगितलं. पाथरवट आपापल्या दगडावर खूण कोरतात, पण जी बाजू चुन्यात गाडली जाते तिच्यावर. बाहेर दिसली तर मुकादम कान उपटणार. मामाची खूण म्हणजे गुण्या, एक छोटासा काटकोन. पण बाजूच्या दालनातला शेवटचा दगड बसवताना त्याचं नवं नवं लग्न झालेलं, आणि मामीला त्याच चर्चमध्ये झाडलोटीचं काम लागलेलं. तेव्हा त्यानं खिडकीखालच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, दोन गुण्ये कोरले. डोक्याला डोकं टेकवून, छपरासारखे. एक त्याचा, एक तिचा. उभ्या माणसाला दिसणार नाहीत. फरशी पुसायला खाली बसणाऱ्या बाईलाच दिसतील.

"मग? मामी काय म्हणाली?"

"काही नाही. मी सांगितलंच नव्हतं."

"का पण?"

"तिला आपोआप दिसावं म्हणून तर कोरलं ना, गाढवा! वीस वर्षं वाट बघितली. आज बोलेल, उद्या बोलेल. चकार शब्द काढला नाही." मग म्हणाला, "आता या खुर्चीमुळे माझे डोळे बरोबर तिच्या उंचीवर आलेत. तिथून दिसते का खूण, तेवढं बघायचंय. मला दिसली म्हणजे तिला दिसली असणार."

मोठ्या दरवाजाशी फळी टाकलेली होती, तिथून आत गेलो. रंगीत काचांखालून, बाकांच्या मधून खुर्ची मजेत चालली. आणि बाजूच्या दालनापाशी येऊन थांबली. तीन पायऱ्या.

मामा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"इथे उतार होता," तो म्हणाला. "सामानाची हातगाडी न्यायचे त्यावरून. इंजिनिअर राहू द्या म्हणत होता. मी म्हटलं, छे, उतार काय, दालनाला शोभत नाही. मीच फोडला. या माझ्या पायऱ्या."

मी रखवालदाराला हाक मारली. "काका, दोन बाजूंनी धरून उचलू या का?"

"नाही हो. गेल्या महिन्यात एका आजींना उचलताना दोघं आडवे झाले. तेव्हापासून सक्त मनाई आहे." मग तो मामाकडे वळला. "कुणी बांधल्यात देव जाणे. रोज कुणीतरी त्याच्या नावानं शिव्या घालतं."

"माझ्याही दोन घाला त्यात," मामा म्हणाला.

मग त्यानं खिशातून कागद आणि सुताराची चपटी पेन्सिल काढली. मला वाटतं, पायऱ्यांची आठवण त्याला घरीच झाली असावी. "जा. दगडावर कागद धर, वरून पेन्सिल आडवी फिरव. खूण उठेल."

मी दालनात जाऊन गुडघ्यांवर बसलो. खिडकीखाली, कोपऱ्यात एकच दगड. आरशासारखा गुळगुळीत. तरी कागद धरला, पेन्सिल फिरवली. काही उठलं नाही. फक्त बारीक बारीक, गोल गोल रेघा.

आणि मला मामी आठवली. मी चौथीत असेन. सोललेले तळवे माझ्यापुढे धरून ती म्हणाली होती, "कुणा मवाल्यानं खिडकीखाली खरवडून ठेवलंय बघ. महिना झाला घासतेय. पण मी पण सोडणार नाही." मी हसलो होतो. मामा तेव्हा कामावर होता.

कागद घेऊन परत आलो. तीन पायऱ्या उतरायला एरवी किती वेळ लागतो!

"भलत्याच दगडावर धरलास," मामा म्हणाला.

"एकच आहे तिथे."

त्यानं कागद उजेडात धरला. बोट रेघांवरून गोल फिरवलं. दगडाची भाषा त्याला मी काय शिकवणार? "घासलाय हा," तो म्हणाला. "कुणी?"

मी पेन्सिल त्याच्या खिशात परत ठेवायला लागलो.

"तुला माहीत होतं?"

"आत्ता आठवलं, मामा." मग सांगितलं सगळं. एक शब्द तेवढा गाळला.

"आणि शिवी काय दिली मला? मामी तुझी शिवीशिवाय घासायची नाही."

"...मवाली."

तो हसला. म्हणजे हसायला सुरुवात केली, पुढचं आलं नाही.

"म्हणजे दिसलं होतं तिला."

"हो."

"महिनाभर समोर बसून जेवत होती माझ्या. मी म्हणायचो, हात कशानं सोलले गं? तर म्हणायची, कामानं."

त्यानं खुर्ची पायऱ्यांना टेकेपर्यंत पुढे घ्यायला लावली. वाकला, आणि खालच्या पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"कड बघ," तो म्हणाला. "काल घडवल्यासारखी. हिला मेलीला कुणी घासलं नाही."