मुलांची नावे नसलेला अर्ज

अर्जलेखक: मी स्वतः, अग्रहार, मैसूर. साक्षीदार: विद्यापीठातील संशोधक बाई आणि नाव न सांगणारे एक शिंपी. विषय: शाळकरी मुलांना दारूविक्री.

"गिऱ्हाइकाचं वय ओळखता येत नाही," हा दुकानदाराचा बचाव. गळ्यातील टेप सरळ करीत शिंपी म्हणाले, "तिथं जाणाऱ्या नववीच्या पोरांच्या पँटी मीच शिवल्यात, स्वामी. शाळेच्या गणवेशाचा रंग त्या दुकानदाराला दिसत नाही होय?"

मी पुराव्यासाठी मुलांची नावे मागितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पोरांची नकोत. त्यांना उद्या शाळेत बसायचंय."

संशोधक बाईंनी दारू घेणाऱ्या शाळकरी मुलांची जी पाहणी केली होती, तिच्यातही नावे नव्हती. त्या पाहणीला शिंप्यांची ही साक्ष जोडून मी अर्ज लिहिला. इतका भक्कम अर्ज माझ्या हातून पूर्वी उतरला नव्हता, हे अभिमानाने नमूद करतो.

सबब, अबकारी अधिकाऱ्यांनी मुले न शोधता दुकानाची चौकशी करावी व लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.