पोलीस यायच्या आधी घातलेला सडा

आमच्याकडे चोरी झाली तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आताच्या मानाने पोरगीच, आणि अक्कलही पोरीएवढीच.

औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो आम्ही दोघं. बहिणीकडे मुक्काम करून सकाळी विट्याजवळच्या घरी परत आलो, तर मागच्या दाराचं कुलूप तुटलेलं. पिठाच्या डब्यामागची किल्ली काढून कपाट उघडलेलं, साड्या जमिनीवर आणि सासूबाईंची बोरमाळ गायब. आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे पोलिसांना फोन केला आणि मला बजावलं, "सांगलीहून ठसे घेणाऱ्या मॅडम येणार आहेत. कुणाला कशाला हात लावू देऊ नकोस." मग ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मी कुणाला हात लावू दिला नाही. सगळं स्वतःच केलं. साड्यांच्या घड्या घातल्या, कपाट ओल्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसलं. बारा वर्षं आमच्याकडे धुणं-भांडी करणारी बाई तेवढ्यात आली आणि दारातच थबकली.

"आक्का, पोलिसांनी बघायच्या आधी आवरत्यात व्हय?"

"सरकारी माणूस दारात येणार आन् घर असलं? तू भांडी घास," मी म्हणाले, आणि परसात शेणाचा सडा घालायला गेले. वर रांगोळीही काढली.

मॅडम म्हणजे पंचविशीची पोरगी. हातात जड पेटी. तिनं कपाटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"आजी, हे कुणी पुसलं?"

"मीच की," मी म्हणाले. अभिमानानं, देवा.

"आणि परसात?"

"सडा घातलाय."

ती पेटीवर बसली. "काल इकडं पाऊस झालाय. चोराची पावलं तिथं चिखलात असणार होती. आता मी रांगोळीचा फोटो काढते."

आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. संसारात त्यांनी मला इतका वेळ कधीच बघितलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या जाऊबाई आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "किल्ली कुठं असती ते घरात कुणाला ठावं हाय, हे काय सांगाय पायजे?" आणि भांडी घासणाऱ्या बाईकडे पाहिलं. बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी चहात साखर ढवळत होते. ढवळतच राहिले.

उत्तर दिलं ते त्या पोरीनं. "मावशींचे ठसे कपाटावर मिळाले असते तरी त्यांचा काय उपयोग? त्या रोज इथं वावरतात. घरातल्या कुणाचा हात जायचं कारण नाही, तिथं कुणाचा गेलाय, ते शोधायचं असतं." असं म्हणून तिनं मागच्या दारावरचा दिवा लावून पाहिला. लागेना.

"ह्यांनी परवाच नवीन बसवलाय," मी म्हणाले.

ती स्टुलावर चढली. अंधार व्हावा म्हणून बल्ब अर्धवट फिरवून सैल केलेला होता. माझी उंची बेताची म्हणून तेवढाच माझ्या फडक्यातून सुटला होता. तिनं तो अलगद काढला, बारीक ब्रशनं काळी पावडर फिरवली आणि काचेवर रेषा उमटल्या, जात्याच्या फेऱ्यांसारख्या गोल गोल.

मग आमच्या तिघांचे ठसे घेतले, घरच्यांचे कुठले ते ओळखून वगळायला. पहिली बोटं मी पुढं केली. बाईचे मात्र तीनदा घ्यावे लागले. भांडी घासून घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या.

"रेषाच न्हाईत, आता माझं खरं कसं कळंल वो?" ती म्हणाली.

"जेवढ्या आहेत तेवढ्या पुरतील," पोरगी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बाई आली नाही. जाऊबाईंनी आळीभर तिच्यावरचा संशय पसरवला होता.

तीन आठवड्यांनी फोन आला. बल्बावरचे काही ठसे ह्यांचे होते. एक पोलिसांकडे आधीपासून नोंद असलेल्या कुणा सराईत चोराचा. तो सापडला, पण बोरमाळ त्यानं वितळवून टाकली होती. मी तशीच बाईच्या घरी गेले. ती शेंगा निवडत होती.

"तुझा ठसा न्हवता," मी म्हणाले.

"मला ठावं हुतं. तुमास्नी न्हवतं व्हय?"

"हुतं की."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाई?"

कपाट पुसताना माझा हात तासभर चालला होता. एक वाक्य बोलताना जीभ चालली नाही. मी तिच्यासमोर बसून थोड्या शेंगा निवडल्या. मग म्हणाले, "चल माझ्यासंगं."

जाऊबाईंच्या ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. तिथं उभी राहून मी सांगितलं, की चोर दुसराच निघाला. आणि तो सापडला नसता तरी हिनं काही नेलं नाही हे मला माहीत होतं, मी भित्री म्हणून गप्प बसले. जाऊबाई म्हणाल्या, "मी कुठं काय म्हणलं?"

दुसऱ्या दिवशीही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, चांगली उशिरा. मी दोघींचा चहा टाकला.