विहिरीशेजारची मुंबई

रूपसिंगला गावाहून निरोप आला आणि माझीही पायपीट ठरली. रूपसिंग आमच्या नाटक कंपनीत पडद्यांचे दोर ओढतो. मी पडदे रंगवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली रंग घोटतो, आणि आभाळ भरायचं असलं की ते माझ्या वाट्याला येतं. दोघंही नंदुरबारकडचे, म्हणून मुंबईत एका खोलीत राहतो. तो वरचा, सातपुड्यातला, नर्मदेच्या अंगाचा. मी खालचा, सपाटीवरच्या धानोऱ्याचा. आमच्या शेतातून सातपुडा रोज दिसतो, निळी रेघ मारल्यासारखा. त्या रेघेच्या आत मी जन्मात गेलो नव्हतो.

निरोप असा होता: घरात देव लिहायचा आहे, धाकट्याने यावं.

त्यांच्याकडे देव भिंतीवर काढतात, पण काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. रूपसिंगने घर सोडल्यापासून घरचे दोन बैल गेले, मग आईने अंथरूण धरलं. गावच्या बडव्याने, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो त्याने, पिठोरा देवाचं नाव घेतलं. नवस बोलला गेला. आता भिंत लिहून झाली की बडव्याच्या अंगात देव येणार आणि भिंत तपासणार. पसंत पडली तर घर मोकळं. नाही पडली तर पुढच्या थंडीत सगळं पुन्हा, आणि तोवर घरच्या कुणी गावाची शीव ओलांडायची नाही, असं थोरल्या भावाने बजावलं होतं.

रूपसिंगला हीच धास्ती. त्याला परत यायचं होतं. दोराचं काम हलकं नाही, तळहात सोलतात. पण तो म्हणायचा, "माझ्या हाताने राजाचा वाडा वर जातो सुकाभाऊ, आणि आख्खं थेटर गप होतं. बैल हाकताना कोण गप बसतं?"

उस्तादांनी दोघांना रजा दिली, ती अशी: "पंधरा दिवस. ह्याला घेऊनच ये. नवं नाटक लागतंय, दोरावर नवशिका चालायचा नाही." मग मला म्हणाले, "आणि जंगल नीट बघून ये. आपल्या पडद्यावरच्या जंगलात नेहमी नारळ उगवतात."

ज्यांना त्या बाजूला जायचं असेल त्यांनी थंडीतच जावं. सुरतेला गाडी बदलून तापीकाठाची गाडी धरायची. तिसऱ्या वर्गात गर्दी असते, पण नवापूरनंतर जागा होते. चिंचपाड्याला बाया टोपल्यांत उकडलेल्या शेंगा घेऊन येतात, त्या घ्याव्यात, कारण पुढे नंदुरबारपर्यंत चहाशिवाय काही मिळत नाही. नंदुरबारला उतरलो तर रूपसिंग म्हणाला, "तुन्हं घर आठेच शे. जाई ये ना."

"येतांना जासू," मी म्हटलं.

"येतांना म्हणजे?"

"येतांना म्हणजे येतांना."

तो हसला. घर जवळ आलं की मला भूक लागते आणि पाय मात्र दुसरीकडे वळतात, हे त्याला माहीत आहे.

तापीपर्यंत मोटार आहे. ड्रायव्हर आठ आणे सांगतो, सहाला तयार होतो, पण मग टपावर बसवतो. नदीवर नाव, पलीकडे बैलगाडी, आणि दिवस कलताना तळोदा. तिथे मारवाड्याच्या दुकानात रंग घ्यायचे होते. शेठजींनी विचारलं, "देव लिखना शे का?" रूपसिंगने मान हलवली. "मग लाल जास्त लई जा. गये साल एक जन कमी लई गया, आधा घोडा सफेद ऱ्हाई गया." मी रंग चिमटीत घेऊन पाहिला. पडद्याला आम्ही वापरतो तसाच, थोडा भरड. शेठजी म्हणाले, "बघू नको, देवने आजवर परत नही करा."

तळोद्याहून पुढे पायी. पहिल्या दिवशी चढण, दुसऱ्या दिवशी चढ-उतार, मग पुन्हा चढ. वाटेत हॉटेल वगैरे काही नाही. भाकरी आणि लसणाची चटणी बांधून घ्यावी, पाणी झऱ्याचं मिळतं. निळी रेघ आत गेल्यावर निळी राहत नाही. साग पिवळट, गवत वाळून तांबूस, आणि टेकडीमागे टेकडी अशी की पडद्यावर भरायची तर माझं आयुष्य जाईल. नारळ एकही नाही. मी वहीत दोनचार झाडं उतरवली, मग थंडीने बोटं वळेनात.

रूपसिंगचं घर टेकाडावर, कुडाचं, प्रशस्त. खाली उतरलं की नर्मदा. मणिबेलीकडून नावेने येणारे पाहुणे आधीच ओसरीवर बसले होते. आई आत खाटेवर. तिने रूपसिंगच्या तळहातांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाली. मी विचारलं तर तो म्हणाला, "म्हणते, तिकडे पण नांगरच धरतोस वाटतं." इथून पुढे जे बोलणं सांगतो ते त्यानेच मला उलगडून सांगितलेलं, त्यांची बोली मला अर्धीमुर्धीच कळते.

थोरला भाऊ नानसिंग कमी बोलतो. त्याने मला पाहुण्यांत बसवलं, मोहाची दारू पुढे केली आणि रूपसिंगला एवढंच म्हणाला, "भिंत झाली की बोलू."

भिंत ओसरी आणि आतलं घर यांच्यामधली. पोरींनी शेणाने सारवून वर पांढरी माती दिली होती. लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात. हा लखारा धनजी नदीपलीकडून आला होता, दोन साथीदार घेऊन. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवला. कुंचला म्हणजे ठेचलेली काडी. मला वाटलं आधी खडूने आखणी करतील. कसली आखणी! आधी चारी बाजूंनी नक्षीची चौकट, खाली मधोमध दार सोडलेलं, आणि मग घोडे. रांगेने घोडे, प्रत्येकावर देव. त्यांच्या भोवती जे जे त्या मुलखात आहे ते सगळं: विहीर, मधाचं झाड, ताडावर चढलेला माणूस, विंचू, ताक घुसळणारी बाई, नानसिंगचा नांगर. जंगलखात्याचा टोपीवाला साहेबही आला.

ओसरीवरून एक म्हातारा ओरडला, "साहेबाला दारापासून लांब ठेव रे! नाहीतर घोड्यांकडे परवाना मागेल."

धनजी मान न वळवता म्हणाला, "ह्याच्या घोड्याला लगाम दिलेला नाही. बघू कुठे जातो."

मी दिवसभर बघत बसलो. झाडाच्या डोक्यावर घोडा, घोड्याएवढी मधमाशी. सावली कुठेच नाही. एकदा न राहवून मी विचारलं, ती टेकडी घराच्या मागे आहे, मग घराच्या शेजारी कशी? धनजीने काडी रंगात बुडवली. "तू मागून आलास की पुढून?" आणि तो पुढच्या घोड्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. ढोल आधीपासून चालू होता. बडवा एरवी साधा माणूस, आदल्या दिवशी माझ्याकडून विडी मागून घेतलेली. अंगात आल्यावर त्याच्या हातात बाण, आणि आवाज जाड झालेला. एकेका चित्राला बाणाचं टोक लावून विचारायचा, हे कोण? धनजी सांगायचा. बाण पुढे सरकायचा. घोडे झाले, विहीर झाली, साहेब झाला. नांगराशी बाण थांबला.

"हा थोरला. धाकट्याचं ठिकाण कुठे?"

ढोल बंद पडला. धनजी म्हणाला, "मी पाहिलेलं नाही, कसं लिहू?"

"मग भिंत अर्धी," बडवा म्हणाला आणि खाली बसला.

रूपसिंगचा चेहरा राखेसारखा झाला. नानसिंगने खाली बघितलं. आत आई खोकली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ते ठिकाण पाहिलेला आणि हातात रंग धरणारा तिथे मीच होतो.

मी काडी घेतली. वरच्या कोपऱ्यात जागा होती. तिथे मी थेटर काढलं, उस्ताद शिकवतात तसं: मागे निमुळता होत गेलेला रंगमंच, झालर, बाजूला दोर धरलेला रूपसिंग. लहान पण नीटस. मला स्वतःला आवडलं. पाहुण्यांनी जवळ येऊन पाहिलं, मग बडव्याकडे वळून बघितलं.

बडवा उठला. बाण लावला नाही, फक्त वाकला.

"हा कुठे निघून चालला आहे?"

मी म्हटलं, "चालला नाही. लांब आहे, म्हणून लहान दिसतो."

"कुणापासून लांब?"

"बघणाऱ्यापासून."

"बघणारा मी आहे," तो त्याच जाड आवाजात म्हणाला. "मी तर इथे उभा आहे."

रूपसिंगने हे मला उलगडून सांगितलं आणि दाराकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे ह्याची वर्षभराची वाट बंद.

धनजी मात्र शांत. त्याने ओलं फडकं घेऊन माझं थेटर पुसलं, वर पांढरी माती ओढली, आणि रूपसिंगला समोर बसवलं. ओढतोस काय? पडदा. पडद्यावर काय असतं? राजाचा वाडा. समोर कोण? माणसं. बोलतात का? नाही, गप असतात. किती? रूपसिंगने दोन्ही हात पसरले. धनजीने विहीर आणि नांगर यांच्यामध्ये जागा केली. एका बकरीचं शेपूट त्यात गेलं. तिथे त्याने राजाचा वाडा लिहिला, देवाच्या घोड्याएवढा उंच. खाली ठिपक्यांची रांग, ती माणसं, सगळी गप. आणि शेजारी भावाएवढाच रूपसिंग, हातात दोर. पडद्याला दोन्ही अंगांनी एकेक घोडाही दिला. मी म्हटलं, थेटरात घोडे नसतात. "राहू देत," धनजी म्हणाला, "राखणीला."

मुंबई विहिरीशेजारी आली.

बडव्याने बाण लावला. "हा कोण?"

"धाकटा."

बाण पुढे सरकला. ढोल सुरू झाला.

आईला खाटेसकट भिंतीसमोर आणलं. तिने दोराकडे बोट केलं आणि म्हणाली, "दोर जरा सैल धर, हात सोलतील." नानसिंगने बोकड कापायला सांगितलं आणि जाता जाता भावाला म्हणाला, "पेरणीच्या आधी एकदा येऊन जा." झालं, बोलणं तेवढंच.

जेवणं झाल्यावर, थोडी चढली होती, मी धनजीला म्हटलं, "मलाही लिही की कोपऱ्यात. मीही तिथलाच."

तो मोठ्याने हसला. "तू ह्या घरचा कुठे? देवाला उगाच घोळात पाडू नको. तुला भिंत नाही का?"

रूपसिंग आईजवळ आणखी चार दिवस राहिला, मी एकटा उतरलो. उतरणीला गुडघे बोलतात, काठी घ्यावी. धानोऱ्याला पोचलो तर माय अंगणात तूर पाखडत होती.

"इतला दिन कथा व्हता? आंगवर मास नही ऱ्हायनं." मग जेवायला वाढून झाल्यावर, मी सकाळी निघणार हे कळलं तेव्हा, "सकायमा जास? मंग उनाच कसाले?"

मी तिला भिंतीची सगळी गोष्ट सांगितली. भाऊ म्हशींकडून येऊन उंबऱ्यात बसला. बाण, बडवा, विहिरीशेजारचं थेटर. माय ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आन मन्हा पोऱ्या कोनी भितवर शे?" कुणाच्या भिंतीवर, ह्याला भाऊ हसला. मी नाही हसलो. निघताना घराला एक फेरी मारली आणि पूर्वेच्या भिंतीवर हात टेकून पाहिला. भाऊ म्हणाला, "आठे मी कडबा रचस."

रूपसिंग सांगितल्या दिवशी परत आला, घरची तुरीची डाळ घेऊन. पूर्वी तो रात्री कुशी बदलत राहायचा, आता पडल्या पडल्या झोपतो. उस्तादांना मी झाडांची चित्रं दाखवली, त्यांनी नारळ काढून टाकले. नव्या नाटकातला गावाबाहेरचा रस्ता माझ्याकडे आहे. लांबची घरं लहानच काढतो, तिकीट काढून बसलेल्या माणसाला ती तशीच लागतात. काम ते काम.

पण मी भावाला कार्ड टाकलं, की दिवाळीला येतो, एक भिंत माझ्यासाठी मोकळी ठेव. त्याचं उत्तर परवा आलं. पूर्वेला कडबा आहे, पश्चिमेची घे. आणि खाली, माय विचारते, तिथे मुंबई केवढी काढणार?

विहिरीएवढी, असं कळवलं आहे. आणि पांढरी माती आणून ठेवायला सांगितली आहे.