लाल पगडीखालचा हिरा

वडील सरकारवाड्यात फरास होते. मोठ्या लोकांच्या पायांखाली सतरंज्या अंथरायच्या आणि ती मंडळी उठून गेली की झटकायच्या, एवढंच काम. घरी आम्हा सगळ्यांना अंथरायला एकच सतरंजी, तीही वाड्यातून बाद झालेली. तिच्यावर पालथं पडून अभ्यास केला आणि मी पदवी घेतली. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी शाळेची पायरीही चढलं नव्हतं. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो.

वाड्यातच राज्याचं जडजवाहीर जिथे असे, त्या जामदारखान्यात कारकुनाची एक जागा निघाली. उमेदवार दोन: मी आणि तिथले प्रमुख रावसाहेब यांचा भाचा. मुलाखतीला साहेबांपासून उमेदवारांपर्यंत सगळ्यांना लाल पगडी सक्तीची. माझी मागून आणलेली, कानांपर्यंत उतरणारी. वडिलांनी ती पुन्हा पुन्हा सारखी केली आणि बजावलं, "साहेब म्हणतील ते बरोबर म्हण. पदवी घरी ठेवून जा."

परीक्षा सोपी होती. पांढऱ्या कागदावर एक हिरा ठेवलेला, त्याचा रंग सांगायचा. भाच्याने गुलाबी सांगितला होता, कारण मामांना तो गुलाबी दिसला होता. काही घराण्यांत नजरही वारशाने येते. दुसऱ्या दिवशी तो हिरा गुलाबी म्हणूनच महाराजांपुढे जायचा होता.

मी वाकून पाहिलं. खरंच गुलाबी. समोरून रावसाहेब वाकले, तसा तो आणखी गुलाबी झाला. ते मागे सरले आणि रंग उतरला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकलो होतो की चकचकीत वस्तू शेजारचा रंग उचलते. मी पगडी काढून बाजूला ठेवली.

दरबारात उघडं डोकं! रावसाहेबांनी शांतपणे विचारलं, "घरात कुणी गेलंय का?"

"नाही साहेब. आपणही पगडी काढलीत तर हिऱ्याचा रंग कळेल."

दाराबाहेर उभ्या असलेल्या वडिलांना खोकल्याची उबळ आली.

रावसाहेबांनी शिपायाकडून दार लावून घेतलं आणि पगडी उतरवली. राज्याच्या इभ्रतीसाठी माणूस टक्कलसुद्धा उघडं करतो. मी हिरा पालथा घातला आणि उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात कडेने पाहिला. वरून पाहिलं की चकाकी रंग लपवते, कडेने तो लपत नाही.

"पिवळसर आहे, साहेब."

त्यांनीही वाकून पाहिलं. "मला आधीपासूनच शंका होती," ते म्हणाले. ती बिचारी इतके दिवस पगडीखाली दबून राहिली असावी.

भाच्याला दुसऱ्या खात्यात चिकटवलं. तिथे रंग ओळखावे लागत नाहीत. जामदारखान्यातली जागा मला मिळाली. ज्या दालनात वडील सतरंज्या झटकत, तिथे मी खुर्चीवर बसू लागलो.