फादरांची लाकडी पट्टी

शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं, लाल फरशीच्या पॉलिशचा वास आला, की साठी उलटलेला मी आजही अंग चोरून भिंतीकडेने चालू लागतो. परवाही तसंच झालं. शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. परदेशी फादरांनी जबलपूरच्या या माळावर पहिली खोली बांधली तिथपासून आजच्या काचेच्या इमारतीपर्यंत. सगळं लिहून झालं, फक्त शेवटच्या एका पानाशी हात अडत होता.

आमच्या वेळी दोरीत ओवलेली एक लाकडी पट्टी होती. आवारात इंग्रजी सोडून बोलताना जो सापडेल, त्याच्या गळ्यात ती पडायची. मग त्याने दुसरा बोलणारा हेरून ती त्याच्या गळ्यात घालायची. शेवटच्या घंटेला ती ज्याच्याकडे, त्याला वेताच्या छड्या. फादरांना पहारा द्यावाच लागत नसे, कारण आम्हीच एकमेकांच्या तोंडावर टपलेलो असायचो.

त्या दिवशी पट्टी माझ्याकडे होती आणि शेवटचा तास उरला होता. शेजारच्या बाकावर मदन महल मोहल्ल्यातला माझा शेजारी, मराठीच घरातला. त्याची आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली. मी इंग्रजीत कुजबुजलो, तुझ्या घरून निरोप आलाय.

"काय झालं आईला?" तो ओरडलाच.

मी पट्टी त्याच्या गळ्यात घातली. कसा हो मी एवढा निर्दय!

पुढच्याच महिन्यात निरोप खरंच आला. फादरांनी मलाच मैदानावर पिटाळलं. "चल लवकर, आई बोलावून राहिली," मी धापा टाकत म्हणालो. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा खेळायला गेला. फादरांना खरं सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं. 'गेला तो घरी' असं सांगून मी मोकळा झालो. शाळा सुटल्यावर तो पोचला तेव्हा आई राहिली नव्हती.

त्याला आजही वाटतं, मैदानावर मी पुन्हा थापच मारली होती आणि फादरांनी त्याला शोधलंच नाही. फादर गेले, ती पहिली खोलीही पाडली. खरं जाणणारा मी एकटा उरलोय. ते पान वाचून प्राचार्य म्हणाले, "सर, ये वाला रहने दीजिए." बायको म्हणते, आता काहून उकरून राहिले तुम्ही? तरी मी ते छापायला दिलंय.

रविवारी प्रकाशन आहे, जुना विद्यार्थी म्हणून त्याच्याच हस्ते. शेवटचं पान तो मंचावरच उघडेल, चार माणसांदेखत. त्याआधी त्याच्या घरी जाऊन सांगावं, एवढं धैर्य माझ्यात अजूनही आलेलं नाही.