डोक्यावरची बोरं

मिल बंद पडली, मग हे ट्रकवर गेले, अन् बाळ पोटात असतानाच आम्हा दोघांच्या रक्तात एचआयव्ही निघाला. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत अशी बात लपते का! नळावर माझी बादली दिसली की समोरच्या काकू आपली बादली सरकवून घ्यायच्या.

तरी संक्रांतीला दवाखान्यात ओळख झालेल्या ताई म्हणाल्या, बाळाचं बोरन्हाण करायचं. ताईंना पण हीच बीमारी. आमच्यासारख्यांच्या घरोघरी जायच्या, खाटेवर पडलेल्या ह्यांचं अंग पुसायच्या, मला जबरदस्ती जेवायला बसवायच्या.

"पण ताई, बाळाच्या डोक्यावरून पडलेलं कोणाचं पोर खाईल?"

"तू बोरं धू गं. डोकं नको चालवू."

मी धुतली, पण भीती कुठे जाते! निम्मी बोरं अन् मुरमुरे एका कटोऱ्यात वेगळे काढून दाराशी ठेवले. म्हटलं, कोणाला बाळाला लागलेलं नको असेल तर यातलं घेतील.

बाळ काळं झबलं घालून बसलं, गळ्यातली हलव्याची माळच चोखत होतं. ताईंच्या ओळखीच्या बायका पोरं घेऊन आल्या. काकू पण आल्या, पण दारातच, नातवाचा हात घट्ट धरून. ना आत येत, ना जात.

ताईंनी बाळावर बोरं ओतली अन् पोरं तुटून पडली. मी घाईघाईत कटोरा काकूंच्या नातवापुढे धरला. "बेटा, तू यातलं घे, हे साफ आहे."

"ऐसे थोडी! लुटायचं असतं!" हात सोडवून तो घुसला, अन् रिकाम्या हातानं रडत बाहेर आला.

काकू चपला काढून तरातरा आत. मी कटोऱ्यासकट बाळाला छातीशी धरलं.

"काय गं, बोरन्हाणात कंजूसी? माझ्या पोराला एक पण नाही मिळालं!" अन् माझ्या हातातून कटोरा ओढून सगळा बाळाच्या डोक्यावर रिकामा केला. बाळ खिदळलं. पोरं पुन्हा तुटून पडली, नातू सगळ्यांच्या वर. खाटेवरून हे ओरडले, "अरे भिया, एखादं इकडे पण फेका!"

बाळाच्या टोपीत एक बोर अडकलं होतं. काकूंनी ते काढलं, तोंडात टाकलं, अन् तोंड वाकडं केलं.

"आंबट आहेत गं. पुढच्या वर्षी मला सोबत ने, मी निवडून देते."

"हो काकू," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी."