विद्याने ठेवलेला पासवर्ड

“युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.” गायकवाड सरांच्या स्क्रीनवर पाचव्यांदा तीच ओळ आली.

सरांची लातूरला घरीच शिकवणी आहे. त्यांच्या पत्नी, म्हणजे मॅडम, खालच्या कॉम्प्युटरवर पेपर टाइप करतात, सर वरच्या मजल्यावर प्रिंट काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट होती आणि वरून खालचं फोल्डर उघडत नव्हतं.

“विद्यानं बसवलं होतं. दोन वर्षं काही बिघडलं न्हाई,” सर म्हणाले. “लई बारकाईचं काम तिचं. नांदेडला गेली, म्हणून तुम्हाला बोलावलं.”

विद्या माझ्याच कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिकली. स्क्रू ड्रायव्हर धरण्यापासून सगळं मी दाखवलं. मग तिनं स्वतःचं काम सुरू केलं आणि माझी गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊ लागली. खरं सांगतो, त्या दिवशी मी बिघाड नाही, तिची चूक शोधायला बसलो.

आधी पिंग केलं. म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला हाक मारायची, ओ येते का बघायचं. ओ आली. शेअरिंग चालू होतं. अडत होतं फक्त लॉगिनपाशी. वरचं मशीन आठवड्यापूर्वी फॉरमॅट झालं होतं, त्यात साठवलेला पासवर्ड गेला होता.

“तुम्ही पासवर्ड कोणता टाकून राहिलात?” एवढं सरांना विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, “तिनं उगाच गुंता केलाय. घरातल्या घरात कशाला पासवर्ड?”

पासवर्डची अट काढली. फोल्डर सगळ्यांना खुलं केलं. पेपर उघडला, सर खूश. मला आतून गारगार वाटलं.

बॅग भरत होतो, तेवढ्यात शेजारच्या खोलीतली किनवटची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. सरांकडे चार मुली पेइंग गेस्ट राहतात. त्यांच्याच विद्यार्थिनी, आणि वाय-फायही तेच.

“सर, उद्याचा पेपर माझ्या लॅपटॉपवर दिसून राहिला. एक प्रश्न वाचला, मग बंद केलं.”

मी शेअरिंग तोडलं. बाकी तिघींनी काय पाहिलं, कोण सांगणार? मॅडम नवा पेपर टाइप करायला बसल्या.

नाइलाजानं विद्याला फोन लावला.

“सर, गायकवाड सर मॅडमच्या कॉम्प्युटरचा पिन टाकत असतील,” ती लगेच म्हणाली. “नेटवर्कवर पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड लागतो. मॅडमच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून दिलाय. घरात विद्यार्थिनी राहतात ना, म्हणून मुद्दाम ठेवला होता.”

पिन त्या एका मशीनपुरता असतो, हे मला माहीत होतं. मीच तिला सांगितलं होतं.

शेअरिंग चालू केलं, अट पुन्हा लावली. पासवर्ड टाकला, फोल्डर उघडलं. दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून कोणाच्याही घरी लॉगिन अडलं, की आधी विचारतो, काय टाकताय? आणि आधीच्या माणसानं लावलेलं कुलूप का लावलं, हे कळल्याशिवाय काढत नाही.

निघताना मॅडमनी चहा दिला.

“लई हुशार हाय पोरगी,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पण तिनंच शिकवलं का?”

मी चहा संपवला.

“हाव, तिनंच,” म्हणालो.